गोदीतल्या होडीत हिवाळा

लंडन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर ते मार्च तू आणि वहिनी सेंट कॅथरिन गोदीत होडीवर राहणार, हे वाचून फार आनंद झाला. तू तीन गोष्टी विचारल्या आहेस: होडी किती हलते, बुडायची भीती कितपत, आणि भाडं वाजवी आहे का. पहिल्या दोन्हींची काळजी सोड. ही गोदी लॉकच्या, म्हणजे पाण्याची पातळी सांभाळणाऱ्या बंदिस्त कोठडीच्या, दारांनी नदीपासून तोडलेली आहे. बाहेर थेम्स उधाणाच्या दिवसांत साडेसहा-सात मीटर चढते-उतरते, आपल्या मुंबईच्या उधाणापेक्षा बरीच जास्त. आत मात्र पाण्याची पातळी जवळपास ठरलेली असते. तरत्या धक्क्यावरून कोणी चालत गेलं की होडी जरा डुलते, तेवढंच. हिवाळ्यात होडीवर माणूस हैराण होतो तो आतल्या पाण्याने. श्वासाचं पाणी, भाताच्या वाफेचं पाणी, ओल्या टॉवेलचं पाणी. भाड्याच्या आधी त्याचा विचार करायला हवा, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

जागा मात्र सुरेख निवडलीस. टॉवर ब्रिजच्या पूर्वेला, उत्तर काठावर, टॉवर हिल स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर. टॉमस टेलफर्डने आखलेली ही गोदी १८२८ साली उघडली. तिच्यासाठी सव्वा हजारांच्या आसपास घरं आणि मध्ययुगापासूनचं एक धर्मादाय रुग्णालय पाडलं, सुमारे ११,३०० माणसं उठवली, आणि त्यातल्या बहुतेकांना दमडी मिळाली नाही. संध्याकाळी तिथल्या रोषणाईकडे बघताना हे लक्षात असावं असं मला वाटतं. गोदामं अगदी पाण्याच्या कडेला बांधली होती, म्हणजे जहाजातून माल थेट वर खेचता यावा. चहा, लोकर, साखर, मसाले, हस्तिदंत असा माल इथे उतरे. हस्तिदंताच्या गोदामाची इमारत अजून मधोमध उभी आहे. पण लॉक अरुंद, मोठ्या आगबोटी आत येऊ शकत नव्हत्या. १९६८ साली गोदी बंद झाली आणि पुढे तिची मरीना, म्हणजे खासगी होड्या उभ्या करायचा तळ, झाली.

आता कागद. होडी दुसऱ्याची आहे, म्हणून मालकाकडून दोन गोष्टी लेखी घे: मरीनाची तुम्हाला तिथे राहू देण्याची परवानगी, आणि 'होडीवर वास्तव्य' असा स्पष्ट उल्लेख असलेला विमा. सुट्टीपुरती वापरायची होडी म्हणून विमा उतरवला असेल आणि तुम्ही सहा महिने आत राहत असाल, तर आग लागल्यावर कंपनी हात वर करू शकते. जागेचं भाडं होडीच्या एकूण लांबीवर, मीटरप्रमाणे आकारतात. पुढे आलेला नांगराचा दांडा आणि मागे टांगलेली छोटी नाव हीसुद्धा त्या लांबीत येतात. वीज बहुधा वेगळी. हे सगळं मिळून किती होतं ते विचार, नुसतं भाडं विचारू नकोस.

ओलीचं गणित समजून घे. दोन माणसं आठ तास झोपली की श्वास-घामातून अर्ध्या लिटरच्या वर पाणी हवेत जातं. एक किलो प्रोपेन गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, ते कुठे दिसत नाही, पण हवेत असतं. मशीनमधून पिळून काढलेले कपडे आत वाळत घातले तर आणखी दीड-दोन लिटर. दहा-अकरा मीटरच्या होडीतली हवा आपल्या एका खोलीएवढीसुद्धा नसते. हे सगळं पाणी सर्वांत थंड जागा शोधतं: खिडकीची अॅल्युमिनियमची चौकट, कपाटाच्या मागची फायबरची भिंत, आणि गादीची खालची बाजू. गादीखालची बुरशी लोकांना जानेवारीत कळते, वास यायला लागल्यावर. तेव्हा पहिल्याच दिवशी गादी उचलून बघ. खाली नुसती प्लायवूडची फळी असेल तर लाकडी पट्ट्या किंवा जाळीचा थर घाल, दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळली की पुरे. सकाळी उठल्यावर गादी उभी करायची. कपाटांची दारं दिवसा उघडी ठेवायची. सामान बाहेरच्या भिंतीला टेकवायचं नाही.

थंडीत आपल्याला सगळं बंद करून बसावंसं वाटतं. होडीत तेच अंगाशी येतं. ऊब आणि वारा दोन्ही एकाच वेळी हवेत: हीटर चालू आणि छताची झडप दोन बोटं उघडी. छतावरचे गोल वायुमार्ग कापड कोंबून बंद केलेले दिसले तर आधी ते मोकळे कर. ओल शोषणारं यंत्र घेणार असशील तर कॉम्प्रेसरचं घेऊ नकोस. गार हवेत त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि ते पाणी काढेनासं होतं. शोषक चकतीचं यंत्र थंडीत नीट चालतं आणि वर थोडी ऊबही देतं. ते तीनशे ते साडेसहाशे वॅट खातं. त्याची नळी थेट सिंकमध्ये सोड, म्हणजे टाकी भरून ते बंद पडायचं नाही. आर्द्रता मोजायचा छोटा काटा आण. ५० ते ६० टक्क्यांत राहिलं तर तुम्ही जिंकलात. ७०च्या वर आठवडाभर गेला की बुरशी ठरलेली.

साडेसहाशे वॅटचा आकडा मुद्दाम दिला, कारण विजेची मर्यादा घरासारखी नसते. धक्क्यावरच्या खांबावर निळ्या रंगाचं गोल सॉकेट असतं, बहुतेक ठिकाणी १६ अँपिअरचं, काही ठिकाणी ३२चं. १६ म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम ३.६ किलोवॅट. दोन किलोवॅटचा हीटर पावणेनऊ अँपिअर घेतो, साधी इंग्लिश किटली साडेनऊ ते तेरा. दोन्ही एकदम लावले की खांबावरचा ब्रेकर पडलाच. त्यात पाणी तापवायचा रॉड, बॅटरीचा चार्जर आणि ओल शोषणारं यंत्र हेही चालू असतातच. म्हणून १ किलोवॅटच्या आसपासची किटली घे आणि ऊब धरायला ७५० ते १००० वॅटचा तेलाचा रेडिएटर. पंख्याचा हीटर अजिबात नको. तो कलंडतो, त्यात धूळ जळते, आणि झोपल्यावर त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. होडीला लागलेली आग मिनिटांत सगळीकडे पोचते.

केबल जोडायचा क्रम ठरलेला आहे: आधी होडीकडचं टोक, मग खांबाकडचं. काढताना आधी खांबाकडचं. उलटं केलंस तर हातात जिवंत टोक येतं आणि खाली पाणी असतं. केबल जाड रबरी वेष्टणाची, २.५ चौरस मिलिमीटरची हवी, आणि पूर्ण उलगडलेली. रिळावर गुंडाळलेली ठेवून हीटर चालवला की आतले वेढे एकमेकांना तापवतात आणि वेष्टण वितळतं. पाण्यात लोंबकळू देऊ नकोस. जोडल्यावर पॅनेलवरचा उलट्या ध्रुवाचा (फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेल्याचा इशारा देणारा) दिवा बघ, मग आरसीडीचं, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या खटक्याचं, टेस्ट बटण दाब. लगेच पडलं पाहिजे. महिन्यातून एकदा प्लगच्या पिना बघ. तपकिरी डाग म्हणजे सैल जोड, तो तसाच वापरायचा नाही.

या केबलची एक गंमत अशी की तिच्या अर्थिंगच्या तारेने तुझी होडी शेजारच्या सगळ्या होड्यांना जोडली जाते. पाण्यात वेगवेगळे धातू, वर त्यांना जोडणारी तार. म्हणजे चक्क एक मोठी बॅटरी तयार होते आणि तिच्यात तुझ्या होडीचा पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) किंवा सुकाणूचा दांडा झिजत जातो. ते टाळायला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. आहे का ते मालकाला विचार. धातूचा बळीचा तुकडा, म्हणजे अॅनोड, खाऱ्या पाण्यात जस्ताचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा आणि अशा मचूळ पाण्यात अॅल्युमिनियमचा चांगला. सहा महिने वीज जोडून होडी एका जागी उभी राहणार, तेव्हा तुम्ही राहायला येण्याआधी मालकाने ते बघून घेणं रास्त आहे.

अंधार लवकर पडतो, डिसेंबरात चारच्या आत. दिवे एलईडीचे असले तर चिंता नाही. पण दिवसा तुम्ही बाहेर असताना खांबावरचा ब्रेकर पडला, तर फ्रिज मुकाट्याने बॅटरीवर चालू राहतो. १२ व्होल्टचा फ्रिज दिवसाला पन्नासेक अँपिअर-तास ओढतो, आणि ११० अँपिअर-तासाच्या जुन्या धाटणीच्या बॅटरीतून अर्ध्यापेक्षा जास्त काढायचं नसतं. म्हणजे एका दिवसात बॅटरी संपली, आणि तळात साचलेलं पाणी उपसणारा पंपही तिच्यावरच. घरी आल्यावर दिव्याचं बटण दाबण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज बघायची सवय लाव. १२.७ भरलेली, १२.२ अर्धी.

आता वहिनींसाठी, खरं तर जो स्वयंपाक करेल त्याच्यासाठी. होडीत गॅसची शेगडी दोन चुलींची असते, सिलिंडर बाहेरच्या वेगळ्या कप्प्यात. हिवाळ्यात लाल रंगाचा प्रोपेनचा सिलिंडर हवा. निळ्यातला ब्युटेन शून्याच्या आसपास वायूच होत नाही, ऐन थंडीच्या सकाळी चहा अडतो. रेग्युलेटरही त्याच गॅसचा लागतो. ३.९ किलोचा सिलिंडर, एक चूल रोज तासभर धरली तर महिनाभर जातो. तुमच्या घरी पोळ्या रोज होतात, तेव्हा तीन आठवडे धर आणि एक भरलेला जवळ ठेव, पण त्याच बाहेरच्या कप्प्यात, आत कधीच नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराच्या फटीतून निघून जाऊ शकतो, होडीत तळाशी जाऊन पाण्यासारखा साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून स्वयंपाक झाला की चुलीची नुसती कळ नाही, सिलिंडरची चावी बंद करायची. रबरी नळीवर छापलेलं साल बघ, भेगा बघ. आणि गॅस सेफ या गॅस-कारागिरांच्या इथल्या अधिकृत नोंदणीतल्या, होड्यांचं काम करणाऱ्या माणसाने तपासणी कधी केली त्याचा कागद मालकाकडून माग.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ हवाच, त्यावर 'ईएन ५०२९१-२' असं असलं म्हणजे तो होडीसाठी बनवलेला. हा वायू शेजारच्या होडीच्या इंजिनातून किंवा हीटरच्या धुराड्यातूनही येतो. चुलीवर हात शेकत बसायचं नाही, कितीही थंडी असो.

प्रेशर कुकर जरूर आणा, पण तीन लिटरचा, आणि आधी शेगडीवरच्या आडव्या कड्यांमधली जागा मोजून घ्या. उघड्या पातेल्यात भात शिजवला की वाफ सगळी भिंतींवर जाते. कुकरमध्ये एक शिट्टी, मग मंद आच, आणि जिरेपर्यंत हात लावायचा नाही. फोडणी देताना झडप पूर्ण उघडी आणि वर झाकण. दिवाळीचं तळण होडीवर नको. कढईभर तापलेलं तेल आणि बाजूने जाणारी नाव, हे जमणारं नाही. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ सालापासून. टॉवर ब्रिज ओलांडून लंडन ब्रिजपर्यंत चालत गेलात की तिथून ज्युबिली लाइनची भुयारी रेल्वे थेट जाते.

खरकटं आणि तेल सिंकमध्ये जाऊ द्यायचं नाही. सिंकची नळी बोटाएवढी, सरळ होडीच्या बाहेर निघते, आणि बाहेरचं पाणी सहा-सात अंशांवर. तूप नळीतच गोठतं, त्यावर भाताची शितं चिकटतात, आठवड्यात सिंक तुंबतं. कढई आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. तेलाचा तवंग गोदीत पसरला तर तक्रारही येते, आणि ती योग्यच असते.

शौचालयाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण हे कोणी सांगत नाही. गोदीच्या पाण्यात मैला सोडायचा नाही. तो टाकीत साठतो आणि पंपाने उपसून घ्यावा लागतो. टाकी ७० लिटरची धरली, दर वेळचं दोन लिटर पाणी धरलं आणि आपल्या सवयीने धुण्याचं अर्धा लिटर त्यात मिळवलं, तर दिवसाला दहा वेळांचे २५ लिटर झाले. तिसऱ्या दिवशी टाकी भरली. म्हणून सकाळचं मरीनाच्या स्वच्छतागृहात, होडीतलं रात्रीपुरतं. आंघोळही तिथेच, म्हणजे ती ओलही वाचली. जागा निवडता येत असेल तर स्वच्छतागृहाच्या जवळची घे, टॉवर ब्रिज दिसणारी नव्हे; पावसात पहाटे चालताना फरक कळतो. होडीतल्या हातपंपाचा क्रम असा: खटका 'ओल्या'वर, दहा झटके, मग 'कोरड्या'वर, दहा-पंधरा झटके, म्हणजे नळीतलं सगळं टाकीपर्यंत पोचतं. झटके कमी पडले की मैला नळीत राहतो, क्षार धरतात, भोक लहान होत जातं. आठवड्यातून एकदा कपभर व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवायचं. तरी वास राहिला तर गरम ओल्या फडक्याने नळी पूस आणि फडकं हुंग: फडक्याला वास लागला म्हणजे रबर जुनं झालं, नळी बदलण्यावाचून उपाय नाही.

पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, खाद्यपदार्थांसाठी चालणारी. धक्क्यावरचा नळ आधी मिनिटभर नुसता वाहू दे, मग टाकीत सोड. कडाक्याची थंडी सांगितली असेल तर आदल्या दिवशीच टाकी भर, कारण धक्क्यावरचे नळ गोठतात किंवा बंद करून ठेवतात.

दोरांचं थोडक्यात. पुढचा, मागचा, आणि दोन तिरके, स्प्रिंग म्हणतात ते; होडी पुढे-मागे सरकू न देण्याचं काम तिरक्यांचं असतं. दहा-अकरा मीटरला १२ ते १४ मिलिमीटरचा नायलॉन ठीक, तो ताणतो म्हणून हिसका बसत नाही. कडेवर घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा सरकव. रात्री डोलकाठीवर टकटक वाजत असेल तर शिडाचे दोर काठीपासून ओढून बाजूला बांध. शेजारी आभार मानतील.

धक्क्यावर दव गोठतं तेव्हा तो काचेसारखा होतो. पाण्यात पडणं ही इथली खरी भीती, आणि ती पोहता येणाऱ्यालाही आहे. इतक्या थंड पाण्यात पहिल्या मिनिटात श्वास आपोआप आत ओढला जातो. त्या वेळी हातपाय न मारता कशाला तरी धरून तरंगत राहायचं. लाइफजॅकेटशिवाय रात्री एकट्याने दोर सोडायला-बांधायला जाऊ नका. तरत्या धक्क्याच्या शिड्या कुठे आहेत ते पहिल्या दिवशी उजेडात दोघांनी मिळून चालून बघा. होडीला बाहेर पडायचे दोन मार्ग असतात, मागचं दार आणि पुढची झडप. पुढची आतून उघडते का, आणि तुम्ही दोघं तिच्यातून निघू शकता का, हेही करून बघा.

मार्चमध्ये मालक होडी बाहेर काढणार म्हणतोस. लॉक भरतीच्या आधी साधारण दोन तास ते नंतर दीड तास एवढाच उघडतो, हिवाळ्यात तेही दिवसाच्या कामाच्या वेळेत. व्हीएचएफ रेडिओवर मरीनाचं चॅनेल ८०, नदीच्या वाहतूक नियंत्रणाचं १४. भरतीच्या तक्त्यातल्या वेळा बहुधा ग्रिनिचच्या असतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. तो तास मिळवायला विसरून माणसं लॉकपाशी तासभर आधीच पोचतात तेव्हा दार उघडलेलंच नसतं, आणि बाहेर प्रवासी बोटींच्या लाटांत ताटकळावं लागतं. लॉकमध्ये दोर बांधून ठेवायचा नाही, हातात धरून ढिला करत राहायचा. पातळी बदलते, बांधलेला दोर होडी एका बाजूला लटकवतो.

सध्या मालकाला एवढं विचारून घे: खांब १६चा की ३२चा, मैल्याची टाकी किती लिटरची, हीटर डिझेलचा असेल तर शेवटचा कधी साफ केला (मंद आचेवर सतत चालवला की त्यात काजळी धरते आणि तो ऐन थंडीत पेटत नाही), आयसोलेटर आहे का, आणि गादीखालचा एक फोटो. उत्तरं आली की मला पाठव. फोटो मात्र गादी उचलून काढायला सांग.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मित्र